पडवीतले दोन फोटो

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत एकमेकांचे पाहुणे नसलेली तीन माणसं शोधायची, हे काम आनंदरावांनी अंगावर घेतलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, दोन-चार फोनचं काम आहे. आठवडाभर फोन करून त्यांचा कान तापला, आणि डोकं त्याहून जास्त.

प्रकरण तसं छोटं होतं. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत हिर्डोशीच्या गायत्रीची चौकशी लागली होती. हिवाळ्यातल्या संपात तिने एक दिवस अंगणवाडी उघडली, पोरांना खाऊ घातलं, म्हणजे संप फोडला, असा आरोप. तक्रार सखूबाईची. सखूबाई हिर्डोशीच्याच वरच्या वाडीची सेविका आणि त्या भागाची चिटणीस. संघटनेच्या अध्यक्षा साळूबाई यांनी चौकशी समिती नेमली, अध्यक्ष बाहेरचा हवा म्हणून आनंदरावांना बोलावलं, आणि समितीतलं दुसरं नाव घातलं सखूबाईचं.

आनंदरावांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तेच होतं. त्यांनी फोन लावला.

“साळूबाई, तक्रार हिची, आन् निकालबी हीच देणार?”

“मग काय झालं?” साळूबाई शांतपणे म्हणाल्या. “तिला सगळं म्हाईत हाय. बाहेरची बाई घातली तर तिला पहिल्यापास्नं सांगत बसावं लागंल.”

“पहिल्यापास्नं सांगायलाच चौकशी म्हणत्यात.”

“तुमी लई कायद्यात शिरता, आनंदराव.”

आनंदराव कायद्यात शिरत होते हे खरंच होतं. हायवेकडच्या एका कारखान्यात, जो आता बंद पडून त्याच्या पत्र्यांवर गवत उगवलं आहे, त्यांनी उभी हयात युनियन चालवली. संघटनेची घटना त्यांना तोंडपाठ. भाजी आणायला पाठवलं तरी हा माणूस आधी विषयपत्रिका मागतो, असं त्यांची बायको शेजारणींना सांगायची.

सखूबाईचं नाव त्यांनी भांडून काढलं. तिच्या जागी साळूबाईंनी जी बाई दिली ती निघाली सखूबाईची विहीण. तिच्यानंतरची गायत्रीची आतेबहीण. तिसरीचं कुणाशी काही नातं नव्हतं, म्हणून आनंदराव हरखले, तर तिने संघटनेच्या मोबाईल ग्रुपवर आधीच लिहून ठेवलेलं होतं की संप फोडणारीला हाकला, आणि खाली आठ अंगठे. शेवटी वेल्ह्याकडच्या अंबूबाई सापडल्या. वयाने मोठ्या, निवृत्तीला आलेल्या, हिर्डोशीकडे ना सोयरीक ना भावकी. तिसरा भोरच्या बाजारातल्या हमालांच्या संघटनेचा कुंडलिक. तो कुणाचाच कुणी नव्हता, आणि त्याला अंगणवाडीतलं काही कळतही नव्हतं. आनंदरावांच्या मते ही तर त्याची पात्रताच.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी दोन कारणं सांगितली असती. पहिलं गायत्रीचं. संपात सगळ्याच सेविकांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा आल्या होत्या. संघटनेने वकील दिला होता आणि तो सोमवारी कोर्टात कागद घालणार होता. पण जिचं सभासदत्व गेलं किंवा जिची चौकशी लोंबकळत राहिली, तिचं नाव त्या कागदांत घालायचं नाही, असा कमिटीचा ठराव होता. म्हणजे शनिवारी ठरलेल्या चौकशीत निकाल लागला नाही किंवा उलटा लागला, तर गायत्रीची नोकरी गेली. तिचा नवरा प्रशिक किकवीला दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. घर चालायचं ते गायत्रीच्या मानधनावर.

दुसरं कारण त्यांचं स्वतःचं. तरुणपणी कारखान्यात त्यांच्यावरही चौकशी बसली होती. चौकशी अधिकारी चांगला होता, त्याने त्यांना निर्दोष सोडलं. पण मधल्या सुट्टीत आनंदराव पाणी प्यायला गेले, तेव्हा तो अधिकारी मॅनेजरच्या डब्यातून जेवताना दिसला. मॅनेजरने वाढलेली मटकी तो बोटं चाटून खात होता. निकाल बाजूने लागला, तरी तो त्यांना कधी आपला वाटला नाही. चाळीस वर्षं झाली, मटकी पाहिली की त्यांचा घास अडतो.

म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीत चढताना त्यांनी बायकोकडून डबा भरून घेतला. अंबूबाई आणि कुंडलिक येऊन बसले तसं त्यांनी दोघांना बजावलं, “तितं कुणाच्या घरचं पानीसुदिक प्यायचं न्हाई. सरळ शाळेच्या व्हरांड्यात बसायचं, ऐकायचं, निकाल द्यायचा, परतीची एसटी धरायची.”

“आन् जेवन?” कुंडलिक म्हणाला.

“डबा आणा म्हणून सांगितलं व्हतं की.”

“मला वाटलं हाटेल आसंल.”

हिर्डोशीला हॉटेल. आनंदरावांनी खिडकीबाहेर बघितलं. भात कापून झालेली खाचरं, उतारावर नाचणीचे बुडखे आणि त्यांच्यापलीकडे वरंध्याकडचे डोंगर. या रस्त्याला वडा मिळायचा तर परत भोरलाच यावं लागतं, हे या माणसाला कुणी सांगायला हवं होतं. अंबूबाईंनीही डबा आणला नव्हता. त्या आदल्या रात्री भोरला भाचीकडे उतरल्या होत्या, आणि भाचीला काय सांगायचं, असं म्हणाल्या.

एसटी थांबली तेव्हा सखूबाई थांब्यावरच उभी होती. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर लग्नघरचं हसू.

“या, या. पानी तापलंय. हातपाय धुवा, दोन घास खावा, मग बसू.”

“आमी शाळेत बसतो,” आनंदराव म्हणाले.

“शाळा सुटायचीय आजून. शनवारची सकाळची आसती. पोरं हायत व्हरांड्यात. तवर काय उन्हात उभं ऱ्हाणार?”

“उभं राहू.”

आणि नेमक्या तेव्हाच अंबूबाई खाली बसल्या. त्यांना साखरेचा त्रास होता, सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. कपाळाला घाम आला, हात थरथरायला लागले. आनंदरावांनी आपला डबा उघडून पुढे केला, तोवर सखूबाईने त्यांना काखेत हात घालून उठवलंही होतं. कुंडलिक न सांगताच मागून निघाला. एकटा अध्यक्ष थांब्यावर उभा राहून करणार काय? समिती चालली होती तक्रारदाराच्या घरी, आणि मागे कोण काय बोलतंय हे ऐकायला कुणीतरी हवंच होतं. आनंदराव चरफडत गेले.

सखूबाईकडे नव्या तांदळाचा भात होता, तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, आमटी आणि कुरडया. दोन घास म्हणणारीने वऱ्हाडाचा स्वयंपाक करून ठेवला होता. अंबूबाईंना आधी गूळ दिला, मग ताट. दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्या भात मागून घ्यायला लागल्या. आनंदराव ओट्यावर पाठ करून बसले आणि त्यांनी स्वतःचा डबा उघडला. भाकरी आणि लसणाची चटणी. पहिला घास तोंडात घालतात तोच सखूबाईने मागून येऊन डब्याच्या झाकणात आमटी ओतली.

“आवं, नको म्हटलं ना.”

“आमटीला कोण नको म्हणतं? कोरडं खाऊन ठसका लागंल.”

ते झाकण परत देताना आमटी सांडली, ती थेट त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. हळदीचा डाग तो, साबणालाही दाद देत नाही.

बाहेर पडले आणि पाणवठ्याच्या वळणावर गायत्री समोर आली. तिशीतली, सडपातळ, हातात कागदाची पिशवी. सकाळपासून ती शाळेजवळ थांबली होती. समिती एसटीतून उतरलेली तिने पाहिली होती आणि मग समिती दिसेनाशी झाली, म्हणून शोधत निघाली होती. कुंडलिक काडीने दात कोरत होता. अंबूबाई तृप्त ढेकर देत होत्या. आनंदरावांच्या सदऱ्यावर छातीच्या मधोमध पिवळा डाग होता.

गायत्रीने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. डागाकडे जरा जास्त वेळ.

“जेवनं झाली?” ती म्हणाली.

“मी माझाच डबा खाल्लाय,” आनंदराव म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांना ऐकू आलं आणि कानशिलं गरम झाली.

“व्हय. दिसतंय की, काका.”

शाळा सुटली होती. व्हरांड्यात सतरंजी टाकली, सखूबाई एका बाजूला, गायत्री दुसऱ्या बाजूला. आनंदरावांनी आरोप वाचून दाखवायला कागद उचलला, तर गायत्री म्हणाली, “आदी माझी हरकत लिवून घ्या. समिती तक्रारदाराच्या घरी जेवून आली.”

आनंदरावांना राग आला आणि बरंही वाटलं. तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. चाळीस वर्षांपूर्वी म्हणायची हिंमत झाली नव्हती, एवढाच फरक. त्यांनी हरकत शब्दन् शब्द लिहून घेतली. मग विचारलं, “तुला काय वाटतं, समिती बदलावी?”

“बदलून नवी कवा मिळणार? सोमवारी वकील कागद घालणार हाय. मला नवी समिती न्हाई परवडत. निस्तं लिवा.”

हे ऐकून आनंदराव आणखीनच वैतागले. नियमाने वागावं तर या बाईची नोकरी जाते. नियम सोडावा तर तिचा विश्वास जातो. आणि हे सगळं का? तर एका हमालाला वाटलं की हिर्डोशीला हॉटेल असेल.

त्या हमालानेच तोडगा काढला. “ह्यात काय आवघड हाय? हिच्याकडंबी च्या घिऊ. एकीकडं जेवान, एकीकडं च्या. फिटंफाट.”

न्याय म्हणजे काय पंगत आहे का, असं आनंदरावांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना दुसरं सुचलं. आरोप ज्या जागेबद्दल होता ती जागा गायत्रीचं घरच होती. दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात अंगणवाडीचे पत्रे उडाले, दुरुस्ती अजून होतेच आहे, आणि तेव्हापासून गावची अंगणवाडी गायत्रीच्या पडवीत भरत होती. जागेची पाहणी करणं समितीचं कामच होतं. त्यांनी तसं लिहिलं आणि सगळे उठले. सखूबाई म्हणाली, मी नाही येत, मी ती पडवी पाहिलीय. आणि ती व्हरांड्यातच बसली.

गायत्रीचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवस्तीत. पडवी सारवलेली, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली अंगणवाडीचा तक्ता आणि फळांची चित्रं. पडवीला दार नव्हतंच. एका बाजूला घराची भिंत, दोन बाजूंना कमरेएवढे कूड आणि चौथी बाजू सताड उघडी.

“ह्याला कुलूप कुठं लावत्यात?” आनंदरावांनी विचारलं.

“कुठं लावू?” गायत्री म्हणाली. “संपात सगळ्यांनी चाव्या सखूताईकडं दिल्या. मला म्हणाल्या, तुझी चावी दे. मी म्हटलं, माझ्या पडवीला दार करून द्या, मग चावीबी देते.”

“आन् पोरं?”

“पोरांना संप काय म्हाईत? संपात मी भोरला धरण्यावर बसायला जायची. त्या दिवशी घरी व्हते. रोजच्यासारखी आली, रांगंत बसली. आयांनी आणून सोडली आन् कामाला गेल्या. मी म्हटलं, जावा, बंद हाय. एक उठलं न्हाई. मी माझ्या घरच्या भाकऱ्या करीत व्हते, नाचणीच्या. तुकडा-तुकडा दिला, वर गूळ. सरकारी आहाराच्या पोत्याला हात लावला न्हाई, ते सखूताईंच्या समक्षच शिवून ठेवलं व्हतं.”

त्याच वेळी सखूबाईने रस्त्यावरून फोटो काढला होता. रांगेत बसलेली पोरं, हातात खाऊ. तोच पुरावा. त्या फोटोखेरीज सखूबाईकडे दुसरं काही नव्हतं.

समिती पडवीत बसली, तीही नकळत रांगेतच, कारण भिंत एकाच बाजूला सलग होती. गायत्रीने चहा आणला. कुंडलिकने घेतला. आनंदरावांनी घेतला. अंबूबाईंपुढे कप आला तेव्हा त्यांनी हात मांडीखाली सारले.

“मला नगं, पोरी. शनवार हाय. उपास हाय माझा.”

तासाभरापूर्वी या बाईने दोनदा भात मागून घेतलेला दोघांनी डोळ्यांनी पाहिला होता. कुंडलिक कपात बघत राहिला. आनंदरावांच्या हातातला चहा एकदम गोड लागेनासा झाला. त्यांना अंबूबाईंचा संताप आला, आणि त्याहून स्वतःचा. नातं नाही, भावकी नाही, सोयरीक नाही, असं एकेक तपासून ही बाई त्यांनी निवडली होती. हे तपासायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गायत्रीने कप मागे घेतला. “गोळी घेतली ना, मावशी? मग उपास नगा करू,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. याच पडवीत रोज साऱ्या गावची पोरं खिचडी खात होती.

सगळे शाळेकडे परत निघाले, गायत्रीही. हिर्डोशीत मोबाईलला रेंज येते ती फक्त शाळेच्या व्हरांड्यात. ते पायरी चढले तसे तिघांचे मोबाईल एकदम वाजायला लागले. पाठोपाठ आनंदरावांना फोन. साळूबाई होत्या.

“आनंदराव, काय चाललंय हे? समिती आरोपीच्या घरी पाहुणचार घेतीया? फोटू आलाय ग्रुपवर.”

आनंदरावांनी सखूबाईकडे बघितलं. ती व्हरांड्यातच बसली होती, पण चपलांना ताजा चिखल होता. ती आपली मागच्या, पाणवठ्याकडच्या वाटेने गेली होती, फोटो काढून आधीच परत येऊन बसली होती.

“साळूबाई, आमी आदी हिच्या घरी जेवलो, त्याचा फोटू का न्हाई आला?”

“ते मला म्हाईत न्हाई. समिती बरखास्त करा. पक्षपात दिसतोय म्हणत्यात बाया. मी पुढच्या म्हयन्यात दुसरी नेमते.”

“पुढच्या म्हयन्यात,” आनंदराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे तोंडावर बंद केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या अध्यक्षाला असं केलं असेल.

समोर गायत्री उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पुढचा महिना म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौकशीपुरतं त्यांनाही घेतलेला ग्रुप आनंदरावांनी उघडला. फोटोखाली सखूबाईने लिहिलं होतं: बघा, न्याय द्यायला आलेले आरोपीच्या पडवीत बसून खात्यात. फोटो स्पष्ट होता. तीच सारवलेली पडवी, तोच फळांचा तक्ता, आणि भिंतीला टेकून रांगेत बसलेली तीन म्हातारी पोरं. दोघांच्या हातात कप. तिसरीचे हात मांडीखाली, आणि तिच्यापुढे धरलेला एक भरलेला कप, गायत्रीच्या हातात.

त्याखाली बायांनी सुरुवातीला भराभर लिहिलं होतं. समिती रद्द करा. पक्षपात. शेम. मग किकवीच्या शिवानी या सेविकेचा मेसेज होता. एकच ओळ.

अंबूबाई, तुमचा कप तसाच का राहिला?

त्याच्यानंतर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नव्हतं.

अंबूबाईंचाही मोबाईल त्यांच्या हातात होता. त्यांना वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी तो पदरात गुंडाळला. “मी समितीत बसत न्हाई,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “माझं नाव काढा.”

“काढलं,” आनंदराव म्हणाले. त्यांनी गयावया केली नाही, समजूतही घातली नाही.

“मग समिती मोडली,” सखूबाई म्हणाली. “तिघांची पायजे.”

“घटनेत कोरम दोघांचा हाय. कलम मी दाखवतो. आन् बरखास्तीला कमिटीचा ठराव लागतो, निस्ता फोन न्हाई. बसा खाली.” मग ते कुंडलिककडे वळले. मोबाईल त्याच्यापुढे धरला. “कुंडलिक, ह्या फोटूत आपण काय करतोय?”

“बसलोय. च्या पितोय.”

“ह्या फोटूवरनं कुणी म्हटलं, की आपण गायत्रीच्या बाजूनं निकाल दिला, तर खरं का?”

“आजून दिलाच न्हाई तर.”

“मग आपण तितं काय केलं?”

कुंडलिक विचार करू लागला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून आनंदरावांना वाटलं, आता परतीची एसटी येऊन जाईल.

“कुणीतरी बसा म्हणलं, बसलो. हातात दिलं, प्यालो,” तो शेवटी म्हणाला. मग त्याने तक्रारीला जोडलेला सखूबाईचा पहिला फोटो उचलला, पोरांचा, आणि दोन्ही शेजारी धरले. “आरं तिच्या. ही पोरंबी तेच करत्यात की.”

“निकाल सांग.”

“पोरं आली, बसली, दिलं ते खाल्लं. ही अंगणवाडी न्हाई, हे घर हाय. घराला संप नसतो. सोडा तिला.”

“माझंबी तेच.” आनंदरावांनी लिहायला घेतलं.

“माझी हरकत लिवा,” सखूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “तुमी तिच्याकडं च्या प्यालात.”

“लिवतो की. ही बघा, लिवली. तिच्या हरकतीच्या बरोबर खाली. एकीची आमटी, एकीचा चहा. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.” त्यांनी सही केली, कुंडलिकची घेतली. मोबाईलवर कागदाचा फोटो काढून साळूबाईंना पाठवला, वकिलाला पाठवला, ग्रुपवर टाकला. मूळ कागद गायत्रीला दिला. तिने तो उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घडी घातली. पिशवीत ठेवला. हसली नाही, रडलीही नाही.

आनंदरावांना वाटत होतं, ती काहीतरी म्हणेल. निदान, बरं झालं काका, एवढं तरी. मग त्यांना तो अधिकारी आठवला, ज्याने त्यांना निर्दोष सोडलं होतं. त्यालाही त्यांनी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी सदऱ्यावरच्या डागावर उपरणं ओढून घेतलं.

एसटीचा आवाज घाटाच्या बाजूने यायला लागला. सगळे थांब्याकडे निघाले. सखूबाई घरी गेली होती. अंबूबाई मागे रेंगाळल्या, मग गायत्रीजवळ आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या.

“च्या राह्यला तुझा,” शेवटी म्हणाल्या. “आता दे घोटभर. गाडी यायला वेळ हाय.”

गाडी वळणावर दिसायला लागली होती.

“नगं, मावशी,” गायत्री म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच आनंदरावांना तिथून निघून जावंसं वाटलं. “सोमवारी मी वकिलाकडं भोरला येणार हाय. तितं पिऊ, ष्ट्यांडावर. हाटेलात कुणाला उपास नसतो.”